विद्यार्थ्यांचा रहस्यपट : तो कोणी पाहावा?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपली, मंडळी आपापल्या गावच्या वाटेस लागली आणि आम्ही मंदिराचे दार ओढून घेत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील सहा तरुण मुलेमुली पायरीवर उभी असलेली आम्हांस दिसली. त्यांपैकी तिघे पांढुर्ण्यास शिकतात, दोघी सौंसरला आणि एक नागपुरास. एकाच्या हातात वही होती. काही मोठे मागावयाचे असले म्हणजे मुलांच्या तोंडावर जो संकोच येतो, तो सर्वांच्याच तोंडावर होता. अखेर वहीवाला म्हणाला, "फादर, आम्हांला एक चित्रपट काढायचा आहे. रहस्यपट."

आम्ही त्यांस बसवून घेतले आणि कथा ऐकली. ती थोडक्यात अशी : गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी झुडपांत एक माणूस मृत सापडतो. डोक्यास जखम असते. गोटा लागून गेला बिचारा, असे सारे गाव म्हणते आणि प्रेत उचलण्याच्या तयारीस लागते. परंतु बारावीत शिकणाऱ्या एका मुलीच्या ध्यानात येते की, देहावरचे कपडे ओले आहेत आणि देहाखालची माती मात्र कोरडी आहे. आदल्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला होता आणि गोटमार तर त्यानंतर सुरू झाली. म्हणजे पहिला गोटा सुटण्यापूर्वीच हा मनुष्य तेथे पडलेला होता! संत्र्यांच्या बागेच्या सौद्याचे पैसे, एक जुने वैर, आणि हे सारे डोळ्यांनी पाहिलेला एकच साक्षीदार : आठ वर्षांचा एक मुलगा. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल त्याच्या हातात आहे आणि त्या पहाटेपासून त्याची वाचा बसली आहे.

कथा चांगली होती, हे आम्ही मनात कबूल केले. अर्ध्या तासाचा चित्रपट, मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेला. नाताळात धर्मग्रामाच्या सभागृहात दाखवावयाचा, मग विद्यार्थ्यांच्या एखाद्या महोत्सवास पाठवावयाचा आणि शेवटी इंटरनेटवर ठेवावयाचा, असा त्यांचा बेत. शेवटी सौंसरच्या मुलीने विचारले, "फादर, याला यूए १३+ मिळेल, की १६+?"

आम्ही उत्तर दिले ते घाईचे होते. आम्ही म्हणालो, "बाळांनो, खून सोडा, गोटमार सोडा. एखाद्या संताचे चरित्र घ्या, म्हणजे वयाचा प्रश्नच उरणार नाही." मुले नम्रपणे "बरं फादर" म्हणून निघून गेली. मुलांचे इतके नम्र "बरं" बहुधा नकाराचेच असते, हे आमच्या ध्यानात यावयास हवे होते.

दोन दिवसांनी वहीवाल्या मुलाचे वडील आले. तरुणपणी गोटमारीत त्यांचा उजवा डोळा गेला आहे. ते पायरीवरच टेकले आणि म्हणाले, "फादर, माहा डोया गेला तवा थो कोनी पाह्यला? सारे झेंड्याकडं पाहून रायले होते. पोरगं दाखवतो म्हनते, तं दाखवू द्या."

याउपर आम्हांस बोलण्यासारखे काही राहिले नाही. आम्ही स्वतः त्या दिवशी दार लावून प्रार्थनेस बसणाऱ्यांपैकी. प्रार्थना सोडावी असे नव्हे. परंतु दार लावल्याने गोटे थांबत नाहीत. त्या गृहस्थांच्या बोलण्याने आमच्यापुढे दोन कर्तव्ये एकदम उभी राहिली. जे घडते ते लोकांस दिसले पाहिजे, हे एक. आणि सभागृहात पुढच्या रांगेत सतरंजीवर जी लहानगी बसतात, त्यांच्या मनास इजा होता कामा नये, हे दुसरे. वयाचे प्रमाणपत्र म्हणजे या दोन कर्तव्यांची गाठ होय. म्हणून मुलांचा प्रश्न आम्ही नव्याने हाती घेतला. आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण चित्रपट न काढणाऱ्या घरांसही तो प्रश्न रोज सोडवावा लागतो.

रहस्यकथा ख्रिस्ती माणसास वर्ज्य आहे काय?

मुळीच नाही. ज्यांच्या घरी आपल्या पंथाचे संपूर्ण बायबल आहे, त्यांनी दानीएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय उघडून पाहावा. सुसान्ना या सुशील स्त्रीवर दोन वडीलधारे न्यायाधीश खोटा आळ घेतात आणि तिला मरणाची शिक्षा होते. तेव्हा दानीएल नावाचा तरुण पुढे येतो, त्या दोघांस वेगवेगळे करतो आणि प्रत्येकास एकच प्रश्न विचारतो : तुम्ही त्यांना कोणत्या झाडाखाली पाहिलेत? दोघे निरनिराळी झाडे सांगतात आणि असत्य उघडे पडते. पुढच्याच अध्यायात बेल दैवताचे पुजारी रात्री चोरवाटेने येऊन नैवेद्य खातात, हे दानीएल देवळाच्या जमिनीवर राख पसरून आणि सकाळी पावलांचे ठसे दाखवून सिद्ध करतो. देहाखालच्या कोरड्या मातीवरून सत्य ओळखणारी आमच्या मुलांची नायिका याच कुळातली. रहस्यकथेचा गाभा खून नव्हे. लपविलेले सत्य उजेडात येणे, हा होय.

चित्रपटाच्या कलेशीही आपले नाते परके नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. आपल्या देशातील देवादिकांच्या कथाही अशाच पडद्यावर याव्यात, हा ध्यास त्यांनी त्या वेळी घेतला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. मराठी रहस्यपटांतही राजा परांजपे यांचा १९६४ चा 'पाठलाग' जुन्या मंडळींस आठवत असेल. त्यावरूनच पुढे १९६६ साली हिंदीत 'मेरा साया' निघाला. आणि विद्यार्थ्यांच्या हातून काय होईल, असे कोणी म्हणू नये. नागराज मंजुळे यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट काढला. शाळेची ओढ लागलेल्या एका गरीब मुलाची ती कथा, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

रहस्यपटांचा गुरू म्हणून सारे जग ज्यांस मानते, ते आल्फ्रेड हिचकॉक लंडनच्या एका कॅथलिक घरात १८९९ साली जन्मले आणि येशूसंघीय फादरांच्या शाळेत शिकले. त्यांचा १९५३ चा 'आय कन्फेस' हा चित्रपट आम्हां पाद्र्यांच्या काळजास हात घालणारा आहे. धर्ममंदिरात काम करणारा एक मनुष्य खून करून येतो आणि तरुण धर्मगुरूपुढे पापनिवेदन करतो. पुढे संशय त्या धर्मगुरूवरच येतो. पण पापनिवेदनाची मोहर त्याच्या ओठांवर असल्यामुळे तो स्वतःच्या बचावासाठीदेखील बोलू शकत नाही. या चित्रपटात रक्त थोडे आणि ताण पराकोटीचा. कारण हिचकॉक यांचे मर्म असे की, मेजाखाली बाँब आहे हे प्रेक्षकास ठाऊक नसेल, तर त्याचा उडणे हा क्षणाचा दचका होतो. ठाऊक असेल, तर मेजाभोवतीच्या साध्या गप्पाही श्वास रोखून ऐकाव्या लागतात. दचका स्वस्त असतो, उत्कंठा कष्टाने मिळते. विद्यार्थ्यांजवळ पैसा नसतो. म्हणूनच त्यांनी उत्कंठेची वाट धरावी.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात चित्रपटांवरील पहिला कायदा १९१८ चा. त्यानुसार १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे तपासणी मंडळे बसली. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा चलच्चित्र कायदा आला, तो आजही चालू आहे. प्रथम दोनच वर्ग होते : 'यू' म्हणजे सर्वांसाठी आणि 'ए' म्हणजे केवळ प्रौढांसाठी. १९८३ मध्ये आईवडिलांच्या मार्गदर्शनाने पाहावयाचा 'यूए' आणि डॉक्टर वगैरे विशिष्ट व्यावसायिकांसाठीचा 'एस', असे दोन वर्ग वाढले. त्याच वर्षी मंडळाच्या नावातला 'सेन्सॉर' शब्द जाऊन ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ झाले.

तेव्हाचा 'यूए' बारा वर्षांची एकच रेघ ओढीत असे. सात वर्षांचे पोर आणि अकरा वर्षांचा मुलगा यांत जे अंतर आहे, ते त्या रेघेस दिसत नव्हते. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे तीन भाग झाले : ७+, १३+ आणि १६+. यांतील मर्म पालकांनी नीट समजून घ्यावे. 'ए' वर्गाच्या चित्रपटास अठरा वर्षांखालील मुलास प्रवेशच नाही. ती मनाई आहे. परंतु 'यूए'चे आकडे ही मनाई नव्हे, ती आईबापांस दिलेली सूचना आहे. त्या वयाखालच्या मुलास चित्रपट दाखवावा की नाही, याचा निर्णय शासनाने आईबापांच्या हाती ठेवला आहे. म्हणजे कायद्याने आपला अधिकार जेथे थांबविला, तेथून आपला सुरू होतो.

चित्रपटांचे असे वयोमानानुसार वर्गीकरण न्याय्य आहे काय, हा वाद एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लेखक व दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका लहान माहितीपटास 'ए' प्रमाणपत्र देण्यात आले, म्हणून त्यांनी दाद मागितली. १९७० मध्ये निर्णय झाला, तेव्हा सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे ते विद्यार्थी, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे आणि १९५६ पासून मध्यप्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश. म्हणजे आपल्याच परिसरातले. चलच्चित्राचा मनावर होणारा परिणाम इतर कलांहून अधिक उत्कट असतो, तेव्हा त्यास निराळी वागणूक देणे आणि प्रौढ व मुले असा भेद करणे घटनेस धरून आहे, असा त्या निर्णयाचा आशय. मात्र कलावंतास गुदमरून टाकील असे मोजमाप लावू नये, हेही न्यायालयाने बजावले.

आता विद्यार्थ्यांच्या कामाची गोष्ट. चित्रपट जाहीरपणे दाखवावयाचा तर प्रमाणपत्र पाहिजे. मग तो तीन तासांचा असो वा अर्ध्या तासाचा. अर्ज करणाऱ्यास आपणांस कोणता वर्ग हवा ते सांगता येते, निर्णय मंडळाचा. महोत्सवांपुरती केंद्र शासनाकडून सूट घेण्याची रीत आहे. इंटरनेटवर घातलेल्या लघुपटास मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही. चित्रपट घरपोच देणाऱ्या मोठ्या कंपन्यांस २०२१ च्या नियमांनी हेच वयाचे आकडे स्वतः लावावयास सांगितले आहे. ज्याने चित्रपट केला त्यानेच तेथे आपल्या विवेकास मंडळ करावयाचे असते.

हे समजल्यावर मुलांनी आपला बेत बदलला. नाताळातला पहिला प्रयोग केवळ काम करणाऱ्यांच्या घरच्या मंडळींपुरता, दार लोटून. गावास खुले निमंत्रण प्रमाणपत्र हाती आल्यावरच.

धर्मसभेची शिकवण

वयानुसार अन्न देण्याची कल्पना नवी नाही. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना दूध आणि जड अन्न यांचा दृष्टांत दिला आहे. संत जेरोम यांनी नोंदवून ठेवले आहे की, उत्पत्तीच्या ग्रंथाचा आरंभ, गीतरत्न आणि यहेज्केलच्या ग्रंथाचा प्रारंभ व शेवट हे भाग तीस वर्षे पूर्ण होईतो वाचू नयेत, असा यहुदी लोकांत परिपाठ होता. देवाचे वचनसुद्धा केव्हा वाचावे याचा विचार होत असे, तर माणसाच्या चित्रपटाचा का होऊ नये?

पोप अकरावे पायस यांनी १९३६ मध्ये चित्रपटांवर एक विश्वपत्र काढले आणि कोणता चित्रपट सर्वांसाठी, कोणता प्रौढांसाठी, हे सांगणारी कचेरी प्रत्येक देशात असावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. बारावे पायस यांनी १९५७ साली चित्रपटाबरोबर रेडिओ आणि टेलिव्हिजन यांचाही परामर्श घेतला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात संपर्कमाध्यमांवर जो आदेश प्रसिद्ध केला, त्यात आमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. नैतिक वाइटाचे चित्रण केल्याने माणसाची खोल ओळख पटू शकते, सत्य आणि चांगुलपणा यांचे तेज अधिक खुलू शकते. परंतु असे चित्रण नीतीच्या मर्यादेत राहिले पाहिजे, असे परिषद सांगते. म्हणजे एका डोळ्याने अधू झालेल्या त्या शेतकरी बापाचा आग्रह धर्मसभेच्या शिकवणीविरुद्ध नव्हता. घाईने दिलेला आमचा सल्लाच अपुरा होता.

थेंब मोजून वय ठरत नाही

यानंतर मुले पुन्हा आली. आम्ही त्यांच्या वहीतील एकेक दृश्य घेऊन बसलो. मुलांचा समज असा होता की, रक्त दाखविले तर १६+, न दाखविले तर ७+. हे हिशेब इतके सोपे नाहीत. हिचकॉक यांच्या १९६० च्या 'सायको'तील न्हाणीघराचे दृश्य प्रसिद्ध आहे. चित्र कृष्णधवल, रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक, आणि सुरीचा घाव असा जवळजवळ दिसतच नाही. तरी तो चित्रपट लहान मुलास दाखवील असा शहाणा बाप कोणी आहे काय? भय रक्तात नसते, ते रक्ताच्या आसपास असते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात इतकी वर्षे मुले पाहून आमचे असे निरीक्षण आहे. सहासात वर्षांच्या बालकास कथा आणि खरे यांची सीमा पुसट असते. आई दिसेनाशी होणे, ओळखीच्या माणसाचा चेहरा एकाएकी बदलणे, जनावरास मारणे, यांनी ते रात्रभर जागते. आठदहा वर्षांच्या मुलास हे नाटक आहे ते कळते, पण 'हे माझ्या बाबतीत होईल काय?' हा प्रश्न त्यास सोडीत नाही. तेराचौदाचा मुलगा भीत नाही, तो अनुकरण करतो. त्याच्यापुढे खलपुरुष रुबाबदार झाला, तर दुसऱ्या दिवशी शाळेत तीच ऐट दिसते. सोळासतराव्या वर्षी 'त्याने असे का केले?' हे तो विचारू लागतो.

आता आमच्या मुलांच्या चित्रपटातील नदी पाहा. ती पडद्यावरची कुठली तरी नदी नव्हे. ती जाम नदी, जिच्या काठी हीच लहानगी खेळतात. परगावच्या प्रेक्षकास जे १३+ वाटेल, ते पांढुर्ण्याच्या आठ वर्षांच्या मुलास अधिक लागेल, कारण त्यास उद्या त्याच वाटेने शाळेत जावयाचे आहे. मंडळाच्या आकड्यात हे बसत नाही. ते आपणच जाणावे.

मग एकेक निर्णय झाला. प्रेताची जखम दाखवावयाची नाही. दाखवावयाची ती कोरडी माती, कारण रहस्याची किल्ली तेथे आहे. खुनाची रीत शिकवणीसारखी पायरीपायरीने दाखवावयाची नाही; मंडळाची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वेही याविषयी सावध करतात. मुलांस हिंसेचे बळी, कर्ते किंवा बळजबरीचे साक्षीदार म्हणून विनाकारण दाखवू नये, असेही तीच तत्त्वे सांगतात. म्हणून लहान साक्षीदाराने काय पाहिले, ते प्रेक्षकांस त्याच्या हातातून गळून पडणाऱ्या लाकडी बैलावरूनच कळेल.

गोटमारीचे काय करावे, यावर सर्वांत अधिक खल झाला. ज्या वाचकांस हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. पांढुर्ण्याचे लोक तो काढावयास धावतात, पलीकडचे सावरगावचे लोक अडवितात आणि दोन्ही काठांवरून गोट्यांचा वर्षाव होतो. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जात असता नदीत सापडले, अशी त्यामागची आख्यायिका सांगतात. झेंडा शेवटी चंडीमातेच्या मंदिरात नेतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. जीवही गेले आहेत. दुसऱ्यांच्या श्रद्धेची थट्टा होईल असे एकही वाक्य चित्रपटात असू नये, हे आम्ही आधीच सांगितले आणि मुलांसही ते पटलेले होते, कारण त्यांचे निम्मे मित्र त्याच घरांतले आहेत. देवीविषयी चित्रपटास काही म्हणावयाचे नाही. जे म्हणावयाचे ते गोट्याविषयी.

मूळ कथेचा शेवट असा होता की, मृताचा भाऊ खुन्यास गाठतो आणि त्याच काठावर गोट्याने ठेचतो. तिघा मुलांस हा शेवट फार आवडत असे. टाळ्या येतील, असे त्यांचे म्हणणे. आम्ही काही बोलण्याआधीच सौंसरची मुलगी म्हणाली, "मग गोटमार थांबली कुठं?" क्षणभर कोणी बोलले नाही. वहीवाल्याने तो कागद फाडला. आता भाऊ गोटा उचलतो, लहान मुलाकडे त्याचे लक्ष जाते, आणि तो मुलगा एवढ्या दिवसांनी पहिला शब्द बोलतो. पुढचे काम पोलिसांचे. वय ठरविताना मंडळही एवढेच पाहत नाही की हिंसा किती आहे. तिला मान दिला आहे की नाही, हेही पाहावे लागते.

आणि त्या बापाची मागणी? ती आम्ही सर्वांनी मिळून मान्य केली. चित्रपटात अर्धा मिनिट ते स्वतः येतील. संवाद नाही, संगीत नाही. ते कॅमेऱ्याकडे पाहतील, इतकेच. हे दृश्य ठेवल्याने कदाचित ७+ हातचा जाईल, असे एकाने बोलून दाखविले. जाऊ दे. लहान आकड्यासाठी सत्य कापू नये. आणि आपण मोठे झालो हे दाखविण्यासाठी रक्त वाढवू नये. मुलांनी १३+ मागावयाचे ठरविले आहे.

काढणाऱ्यांची सुरक्षितता

चित्रपट पाहणाऱ्यांचे वय ठरविताना काढणाऱ्यांचे वय विसरू नये. म्हणून काही साधे नियम घातले. प्रत्यक्ष गोटमारीच्या दिवशी कोणीही कॅमेरा घेऊन नदीवर जावयाचे नाही. पत्र्याच्या छपरावर खडे टाकून त्याचा आवाज घेता येतो आणि तो पडद्यावर खऱ्याहून अधिक परिणाम करतो. भाद्रपदात नदीस केव्हाही पाणी येते, म्हणून पात्रातील दृश्ये पाणी उतरल्यावर. लहान मुलाचे काम आईबापांच्या देखत. बालकलाकारास दिवसाकाठी पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देऊ नये, असा नियमच आहे, आणि व्यावसायिक कामास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आमचा छोटा नट तासाभराहून अधिक उभा राहणार नाही. खुनाची कथा त्यास सांगितलेलीच नाही. तुझा बैल हरवला आहे, एवढेच त्यास ठाऊक आहे. पोळ्याचे खरे बैल दाखवावेत असा एकाचा हट्ट होता. परंतु चित्रपटात प्राणी वापरावयाचे तर २००१ च्या नियमांप्रमाणे पशू कल्याण मंडळाकडे जावे लागते, असे कळताच लाकडी बैलावर भागविण्याचे ठरले. कथेच्या दृष्टीने तेच चांगले झाले.

पालकांस दोन शब्द

प्रिय वाचकहो, आपणांपैकी बहुतेकांच्या घरी कोणी चित्रपट काढणार नाही. परंतु प्रत्येक घरी मोबाइल आहे, आणि त्याच्या दाराशी तिकीट तपासणारा मनुष्य उभा नाही. पूर्वी तंबूतल्या सिनेमास नेताना बाप मुलाचा हात धरीत असे. आज मूल गोधडीत शिरून एकटेच पाहते. चित्राच्या कोपऱ्यात एक आकडा क्षणभर येतो आणि जातो. तो आकडा आपल्यासाठी आहे, मुलासाठी नव्हे; तो पाहण्याची सवय ठेवावी. शक्य तर शेजारी बसून पाहावे. मुलाने तोंड फिरविले तर 'भित्रा' म्हणून हसू नये. बंद करावे आणि जवळ घ्यावे. मोठ्या मुलास नुसते 'पाहू नकोस' म्हणून न थांबता, का नको ते सांगावे. आणि पाहिलेच असेल तर त्यावर बोलावे. आम्हीही प्रथम 'नको' म्हणून मोकळे झालो होतो. त्या नकाराने मुले आमच्याकडे येणे थांबविती, चित्रपट काढणे थांबविती ना.

हे लिहीत असता चित्रीकरण निम्म्यावर आले आहे. सौंसरकडच्या एका संत्र्याच्या बागेत दोन दिवस काम झाले. मालकाने फळास हात न लावण्याच्या अटीवर परवानगी दिली, आणि जाताना स्वतःच टोपलीभर संत्री दिली. चित्रपट कसा उतरेल, मंडळ कोणता आकडा देईल, हे देवास ठाऊक. पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी लहान मुलांनी शेजारच्या खोलीत सिस्टरांबरोबर बाळ येशूचा गोठा सजवावयाचा आहे. त्यांची पाळी पुढे येईलच. सभागृहातील पुढची रांग त्या दिवशी रिकामी राहणार नाही. तिच्यात मधली जागा मुलांनी त्या एका गृहस्थांसाठी राखून ठेवली आहे.